शेवटच्या खुर्च्या कोणाला? जुना गडी की कॉलेजातला पोरगा

बास्केटबॉल संघाच्या बारा नावांच्या यादीतली पहिली आठ लिहायला पाच मिनिटं पुरतात. घोळ होतो तो पुढच्या चारांत. एकीकडे छत्तिशीतला, कामावरून थेट कोर्टावर येणारा, गुडघ्याला पट्टा बांधलेला जुना गडी. दुसरीकडे अठरा वर्षांचा पोरगा, ज्याची उडी बघून बाकावरचेसुद्धा उठून उभे राहतात. फोंड्यात आमच्या संघाची यादी ठरताना दर वर्षी हाच वाद, आणि दर वर्षी कोणीतरी रुसतंच.

आधी हिशेब मांडा. सामना 40 मिनिटांचा, कोर्टावर पाच जण, म्हणजे वाटायला 200 मिनिटं. पहिले पाच प्रत्येकी 30 मिनिटं खेळले की 150 गेली. उरलेल्या 50 मधली बहुतेक सहावा, सातवा, आठवा खाऊन टाकतात. नवव्या-दहाव्याच्या पदरात चार-सहा मिनिटं पडतात. अकरावा आणि बारावा टाळ्या वाजवतात.

या टाळ्यांच्या खुर्चीवर जुना गडी शोभतो. आमचा एक जण मासळीवाल्याकडून थर्माकोलच्या पेटीत बर्फ घेऊन येतो, गुडघ्यावर ठेवतो आणि तिथूनच ओरडतो, ‘चार झाले रे, हात लावू नका!’ क्वार्टरमध्ये संघाचे चार फाऊल झाले की पाचव्यापासून समोरच्याला दोन फ्री थ्रो मिळतात, हे सगळ्यांना पाठ असतं. ऐन वेळी आठवतं त्याला. आमच्या पोराने मात्र असाच पाचवा फाऊल एकदा थेट अर्ध्या कोर्टावर केला होता, बास्केटपासून कोसभर लांब. दोन गुण फुकट गेले.

पण त्याच गड्याला समोरच्या चपळ गार्डसमोर उभा करा, पहिल्याच ड्रिबलला मागे पडतो. सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरा सामना असेल, तर दुसऱ्यात तो नाहीच असं धरा. पोराला असल्या दमाची फिकीर नाही. रिबाऊंडला, म्हणजे हुकलेला चेंडू पकडायला, तो दोन-तीनदा उडी घेतो, आणि तिसरीला चेंडू हाती लागतोच.

आपल्याकडे आणखी एक भानगड पावसाची. जूनपासून चवथीपर्यंत सिमेंटच्या कोर्टावर शेवाळ, आणि छपराखालची जागा मागितल्यावर मिळेलच असं नाही. सराव कमी झाला तर जुन्याचं फारसं बिघडत नाही, त्याच्या अंगात चाली मुरलेल्या असतात. पोराचं मात्र अख्खं वर्ष वाया जातं. त्यात बारावीनंतर तो पुण्याला किंवा बेंगळुरूला गेला, तर घडवलेला खेळाडू दुसऱ्याच्याच कामी येतो. (म्हणून घडवू नये असं नाही, पण हिशेबात धरा.)

एनबीएतल्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमधल्या, मायामी हीट संघाकडे बघा. युडोनिस हॅसलेम त्यांच्याकडे 20 हंगाम राहिला आणि 2023 मध्ये निवृत्त झाला. शेवटच्या काही वर्षांत तो जेमतेम खेळायचा, तरी जागा त्याचीच. त्याच संघाने 2018 मध्ये डंकन रॉबिन्सनला टू-वे करारावर (मुख्य संघ आणि खालची लीग, दोन्हीकडे खेळायचा करार) घेतलं, पण नुसतं बाकावर बसवलं नाही. खालच्या जी लीगमध्ये भरपूर खेळवलं. 2020 च्या अंतिम फेरीत तो पहिल्या पाचात होता. आपल्याकडे जी लीग नाही. असतील त्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा आणि गावातले सामने.

म्हणून माझं मत थोडं उलटं आहे. पोराला घ्यायचं तर आठवा-नववा म्हणून घ्या आणि मिनिटं द्या, चुका पोटात घाला. ते धैर्य नसेल तर त्याला यादीतच घेऊ नका, कॉलेजकडून खेळू द्या. बारावी खुर्ची जुन्याची. तिथे बसून त्याचा खेळ आणखी बिघडणार नाही.

आम्ही एका वर्षी उलट केलं होतं. पोरगा बारावा होता, अख्ख्या स्पर्धेत एकदाच ट्रॅकसूट काढला त्याने, तोही वीस गुणांनी हरत असताना. आता तो शेजारच्या तालुक्यातल्या संघाकडून खेळतो. मागच्या खेपेला आमच्यावरच चौदा गुण चढवले.