टीसीएस कापला, पण सगळा सरकारकडे गेला नाही

लेकीला जर्मनीत मास्टर्सला पाठवताना आमचे बडोद्यात पाऊण लाखाच्या वर रुपये गेले. कुणी ओटीपी मागितला नाही, कुठली लिंक आली नाही. छापील पावतीवर, चहा पाजून गेले. पावतीवरच्या प्रत्येक रकमेला खऱ्याखुऱ्या कराचं किंवा चार्जचं नाव होतं. पुढच्या सत्राला ज्यांची मुलं निघणार आहेत, त्यांनी आपली पावती घेऊन बसावं आणि हे वाचावं.

जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसासाठी वर्षभराचा खर्च आधीच ब्लॉक्ड अकाउंटमध्ये भरावा लागतो. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो आहे. मूल तिकडे पोचलं की त्यातून महिन्याला ९९२ युरो सुटतात. जुलै २०२५ मध्ये युरो शंभरीच्या आसपास होता, म्हणजे व्यवहार बारा लाखांचा. आमच्या बँकेत विचारलं तर काउंटरवरच्या मुलीने परदेशी पैसे पाठवण्याचा ए२ फॉर्म हातात दिला आणि "साहेब सोमवारी येतील" एवढंच सांगितलं. व्हिसाची तारीख जवळ आलेली. तेवढ्यात दांडिया बाजारातल्या ओळखीतून या एजंटचं नाव आलं. अलकापुरीत ऑफिस, दारावर 'फॉरेक्स, व्हिसा, एज्युकेशन लोन', आणि माणूस मराठी. बडोद्यात हे शेवटचं फार चालतं. गणपती मंडळात पुढे असणारा, त्याची बायको आमच्याकडे हळदीकुंकवाला येऊन गेलेली. "वहिनी, चार्ज झीरो. आपल्याच माणसाकडून काय कमवायचं?" वर, सयाजीराव महाराजांनी १९१३ मध्ये आंबेडकरांना महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेला पाठवलं, हेही त्याने ऐकवलं. ते खरं आहे. त्याच्या बोलण्यातलं बहुतेक सगळं खरंच होतं, म्हणून तर पकडायला वेळ लागला.

पावती अशी होती: युरोचा दर १०३ रुपये, एकूण १२,२६,११२. त्यावर पाच टक्के टीसीएस ६१,३०५. जीएसटी सुमारे १,०३०. 'पूर्ण रक्कम पोचवण्याचे' १,५००. सर्व्हिस चार्ज शून्य, तो ठळक अक्षरांत. पैसे मी माझ्या खात्यातून त्याच्या फर्मच्या करंट अकाउंटला आरटीजीएस केले आणि प्रत्यक्ष पाठवणी त्याने एका अधिकृत संस्थेमार्फत करवून घेतली.

आता टीसीएसचं बघा. परदेशी पैसे पाठवताना हा आयकर आगाऊ कापला जातो, तो आपल्या पॅनवर जमा होतो आणि रिटर्न भरताना वजा करता येतो किंवा परत मिळतो. २०२५-२६ या वर्षासाठी नियम असा होता: एका आर्थिक वर्षात दहा लाखांपर्यंत काही नाही. शिक्षणासाठी स्वतःच्या पैशातून त्यापेक्षा जास्त पाठवलं, तर फक्त वरच्या रकमेवर पाच टक्के. मान्यताप्राप्त संस्थेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलं तर शून्य. दर बदलत असतात, तुमच्या वर्षाचा बघून घ्या. म्हणजे त्याच्याच आकड्यांनी माझा टीसीएस ११,३०५ व्हायला हवा होता. त्याने सबंध रकमेवर लावला आणि सरळ पन्नास हजार जास्त घेतले.

"परतच मिळणार आहेत वहिनी, सरकारकडे ठेव समजा," हे त्याचं वाक्य. २६एएस मध्ये, म्हणजे आपल्या पॅनवर जमा झालेला कर दाखवणाऱ्या आयकर खात्याच्या उताऱ्यात, कधी दिसेल विचारलं तर म्हणाला ऑक्टोबरनंतर. तेही खरं, कारण जुलै ते सप्टेंबरच्या टीसीएसचं विवरणपत्र भरायची मुदत १५ ऑक्टोबर असते. तोवर मुलगी विमानात बसलेली असते आणि पावती फाइलमध्ये गेलेली असते.

नोव्हेंबरात मी २६एएस उघडलं. त्यात ६१,३०५ नव्हते, १०,११५ होते. मी तीस वर्षं हिशेबाच्या टेबलावर काढली आहेत, त्यामुळे उलटं गणित लगेच मांडलं. १०,११५ हे पाच टक्के, म्हणजे दहा लाखांवरची रक्कम सुमारे २,०२,३००. एकूण १२,०२,३००. भागिले ११,९०४, दर १०१ रुपये. खरा सौदा १०१ ला झाला होता आणि मला १०३ लावला होता. टीसीएसचे ५१,१९० आणि दरातले साधारण २३,८००. जीएसटी तेवढा नियमाने होता, त्याचं मला अजून हसू येतं.

त्या १,५०० ची गोष्ट आणखी चिडवणारी. ब्लॉक्ड अकाउंटला ११,९०४ ऐवजी वीस युरो कमी पोचले. रक्कम पूर्ण झाल्याशिवाय व्हिसासाठी लागणारा दाखला मिळेना. वीस युरो पाठवायला पुन्हा बँकेचे चार्जेस, पुन्हा चार दिवस. तो म्हणाला, "जर्मनीवाल्यांनी कापले." नंतर स्विफ्टची, म्हणजे पैसे पाठवताना बँकेने पुढच्या बँकेला दिलेल्या संदेशाची, प्रत मिळाली. तीत ७१ए नावाचा रकाना असतो. तिथे 'ओयूआर' असेल तर वाटेतल्या बँकांचे पैसेही पाठवणारा भरतो, 'एसएचए' असेल तर ते रकमेतून कापले जाऊ शकतात. 'पूर्ण रक्कम पोचवण्याचे' १,५०० घेऊनही माझ्या प्रतीवर एसएचए होतं. ही प्रत पैसे पाठवले त्याच दिवशी मागून घ्या. ती द्यायला कुणी टाळाटाळ करू लागला, तर समजून जा.

फर्म अधिकृत आहे का, हे रिझर्व्ह बँकेच्या वेबसाइटवरच्या यादीत बघता येतं. नुसता मनी चेंजर परवाना असलेल्याला फीची किंवा राहण्याच्या खर्चाची रक्कम स्वतः परदेशी पाठवता येत नाही. आमच्या या गृहस्थांचं नाव कुठल्याच यादीत नव्हतं. दर विचारतानाही "चार्ज किती" विचारू नका. सगळं धरून माझ्या खात्यातून किती रुपये जाणार आणि तिकडे किती युरो पडणार, हे दोन आकडे एकाच दिवशी दोन-तीन ठिकाणांहून लेखी घ्या. मुलीलाही एक सांगून ठेवलंय: इथलं कार्ड तिकडच्या एटीएममध्ये घातल्यावर मशीन "रुपयांत की युरोत" विचारतं, तेव्हा युरोच निवडायचं. रुपये निवडले की दर ते मशीन ठरवतं.

पोलीस ठाण्यात "हा दिवाणी मामला आहे, बेन" असं उत्तर मिळालं. उपयोग झाला तो पाठवणाऱ्या संस्थेला केलेल्या लेखी तक्रारीचा. त्यांनी मूळ बिलाची प्रत दिली. दर १०१, टीसीएस १०,११५, सगळं त्यात. ती त्या एजंटसमोर ठेवल्यावर आधी "ऑडिटरची चूक" झाली, मग तीस हजारांचा चेक आला. तो वटला. उरलेल्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे. मंडळातल्या दोघांनी "आपसांतलं आपसांत मिटवा" असा निरोप पाठवला. त्यांतल्या एकाचा मुलगा याच माणसाकडून पैसे भरून म्युनिकला गेला आहे. मी त्यांना २६एएस कुठे बघायचं ते सांगून आले.