दफ्तरखान्यात वही न्यावी की लॅपटॉप?

गावाचा किंवा घराण्याचा इतिहास लिहायला घेतला असेल, तर आधी एवढंच बघा: तुमची साधनं जुन्या मोडी लिपीत हाताने लिहिलेली आहेत की छापील?

मोडी असेल तर वही, आणि पेन्सिल. मोडीत आधी सलग रेघ ओढायची आणि अक्षरं तिच्याखाली लिहीत जायची. शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही नसतो. ओळ हाताने बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, उतरवायला लागलं की शब्द कुठे तुटतो ते उमगत जातं. २०१४ मध्ये मोडी युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या प्रमाण संकेतांत आली, पण म्हणून कारकुनाचं घाईतलं अक्षर काही आपोआप लागत नाही.

फोटो काढायची परवानगी मिळाली की हात सुटतो. एका फेरीत मी दोनशेच्या वर फोटो आणले. घरी बघतो तर कुठलं पान कुठल्या रुमालातलं, म्हणजे कापडात बांधलेल्या कुठल्या गठ्ठ्यातलं, पत्ताच नाही. पुन्हा गेलो आणि मुकाट्याने रुमालाचे क्रमांक वहीत लिहीत बसलो.

छापील साधनांना मात्र लॅपटॉपच. मोल्सवर्थचा कोश काय, दाते-कर्व्यांचा शब्दकोश काय, दोन्ही इंटरनेटवर आहेत; एका शब्दासाठी ग्रंथालयाची खेप वाचते. फक्त शोधताना जुनं लेखन लक्षात ठेवा. १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले. त्याआधीच्या पुस्तकांत ‘गांव’, ‘नांव’, ‘पांच’ असतं. शोधचौकटीत नुसतं ‘गाव’ टाकलंत, तर समोर असलेला ‘गांव’ हुकू शकतो. दोन्ही टाकून बघा. डोळा अशा वेळी अडखळत नाही, म्हणून महत्त्वाचं प्रकरण मी सरळ वाचूनच काढतो.

प्रत्यक्ष लेखन संगणकावर करा, यात मला शंका नाही. तिसऱ्या प्रकरणातली वंशावळ पहिल्यात हलवायची झाली, तर हाताने लिहिणाऱ्याला कात्री-डिंक घेऊन बसावं लागतं. बोलून टाइप करायची सोयही आहे, पण गावांची आणि माणसांची नावं ती हमखास बिघडवते. त्यापेक्षा इनस्क्रिप्ट हा कळफलक शिका, सुरुवातीला बोटं रडतात तेवढंच.

आणि पहिल्या दिवसापासून युनिकोडच. माझी जुनी टिपणं एका डीटीपी फाँटमध्ये होती. नव्या मशिनवर उघडली तर पानभर चिन्हांचा खिचडा. शेवटी वहीवरून सगळी पुन्हा टाइप केली. त्या वहीवर चहाचा डाग आहे, पण त्याखालचं अक्षर लागतं.