नाणं खरं, साल खोटं

चांदीचा एक रुपया, साल १९३९. त्यासाठी मी ४२,००० रुपये मोजले आणि फसले. जुनी नाणी जमवणाऱ्या कुणावर पुन्हा हीच वेळ येऊ नये म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे. मी बेसावध नव्हते. मला जेवढ्या कसोट्या येत होत्या तेवढ्या मी लावल्या होत्या आणि नाणं त्या सगळ्यांना उतरलं होतं.

हा संग्रह मुळात अप्पांचा, माझ्या वडिलांचा. कराडच्या एसटी डेपोत ते कंडक्टर होते. पगार झाला की बाजारातल्या एका सराफाकडे जाऊन बसायचे. मोडीत आलेल्या चांदीत पैंजण, करंडे, वाळे यांच्याबरोबर राणीछाप आणि राजाछाप रुपये यायचे. वितळायला जाण्याआधी त्यातला एखादा अप्पा चांदीच्या भावात सोडवून आणायचे. अशीच सहाव्या जॉर्जच्या रुपयांची ओळ लागत गेली : १९३८, मग १९४० ते १९४५, शेवटी १९४७चा वाघाचा निकेलचा रुपया. १९३८ आणि १९४० यांच्या मधला कप्पा मात्र रिकामाच राहिला. त्याच्या चिठ्ठीवर अप्पांनी पेन्सिलीने ‘१९३९’ लिहून ठेवलं होतं. तीन वर्षांपूर्वी ते गेले, तेव्हाही तो तसाच होता.

या सालाचं महत्त्व थोडं सांगायला हवं. १८३५ पासून आपला रुपया ११.६६ ग्रॅम वजनाचा, त्यात चांदी ९१.७ टक्के. महायुद्ध सुरू झालं, चांदीची चणचण भासू लागली आणि १९४० पासून वजन तेवढंच ठेवून चांदी निम्म्यावर आणली. कडही बदलली. आधीच्या रुपयाच्या कडेला नुसत्या उभ्या रेघा, १९४० नंतरच्या कडेच्या मधोमध खोलगट पट्टी, नकली नाणी पाडता येऊ नयेत म्हणून. १९४३ पर्यंत जुने चांदीचे रुपये चलनातूनही गेले. लोकांनी मग ते देव्हाऱ्यात, डब्यांत, माळांत ओवून जपले. १९३९चा रुपया या बदलाच्या अगदी उंबरठ्यावरचा, जुन्या पूर्ण चांदीचा शेवटचा, आणि तो क्वचितच हाती लागतो.

विकणारा मला मोबाइलवरच्या एका ग्रुपमध्ये भेटला. पहिला व्यवहार १९११च्या रुपयाचा. पाचव्या जॉर्जच्या अंगरख्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली आणि पुढच्या वर्षी चित्र सुधारलं, तोच तो ‘पिग रुपया’. किंमत रास्त होती. शिवाय त्याने आपणहून सांगितलं, “ताई, कडेला एक ठोक लागलाय, आधीच सांगतो, नंतर बोल नको.” नाणं आलं ते अगदी त्याने सांगितलं तसं. दुसऱ्या खेपेला दोन तांब्याच्या शिवराया घेतल्या, पेशवाईतल्या दुदांडी, म्हणजे मधोमध दोन आडव्या रेघा असलेल्या. त्याही चोख. दोन महिने गेले. माझ्याकडे कोणती सालं आहेत, कोणतं नाही, हे बोलता बोलता मीच त्याला सांगून टाकलं होतं. आज मागे वळून पाहताना सगळ्यात जास्त हेच टोचतं.

मग एका रात्री निरोप आला : “ताई, एकोणचाळीस मिळालाय. आमच्याच भावकीतल्या म्हातारीच्या पेटीतला. तुमच्यासाठी म्हणून अजून कुणाला दाखवला नाही.” फोटो आले. राजाचा मुखडा लख्ख दिसत होता. मागच्या बाजूला सालावर मात्र नेमका उजेड चमकत होता. मी जवळून फोटो मागितला. तो आला, पण जरा हललेला. पुन्हा मागितला असता तर कदाचित हे लिहायची वेळच आली नसती. पण तेवढ्यात, “उद्या सकाळी पुण्याचं गिऱ्हाईक येतंय, तुमचा शब्द आला तर थांबवतो” असं झालं आणि मी रात्री सव्वा अकराला पैसे पाठवले.

नाणं कुरिअरने आलं. काट्यावर ११.६४ ग्रॅम भरलं, म्हणजे ऐंशी वर्षांची झीज धरून ठीक. लोहचुंबकाला दाद दिली नाही. कडेला उभ्या रेघा, मध्ये पट्टी नाही. अप्पांच्या १९३८च्या रुपयाशेजारी ठेवलं तर रंग, जाडी, राजाच्या मुकुटावरची नक्षी सगळं सारखं. शेवटी अप्पा करायचे तसं बोटावर तोलून नखाने वाजवलं. बंदा रुपया वाजावा तसंच वाजलं, खणखणीत आणि लांबलचक. मी ते कप्प्यात ठेवलं आणि देवापुढे दिवा लावला.

जवळजवळ दीड महिन्याने पुण्यातल्या एका ज्येष्ठ संग्राहकांना, काकांना, ते मोठ्या आनंदाने दाखवायला नेलं. त्यांनी वजन केलंच नाही. भिंग डोळ्याला लावलं, नाणं खिडकीकडे धरून हळूहळू तिरपं केलं आणि विचारलं, “यात नऊ किती आहेत?”

“दोन,” मी म्हणाले.

“मग ते एकमेकांशी ताडून बघ. पहिला नऊ टाकसाळीचा आहे, त्याबद्दल वाद नाही. दुसरा तसाच दिसतोय का?”

नाण्यावरचे आकडे इंग्रजी आहेत. पहिल्या नऊचं डोकं भरदार, गोल होतं. दुसऱ्याचं डोकं लहान, आणि शेपूट खाली येताना जाडीला कमी-जास्त होत गेलेली. इंग्रजी आठाला वर छोटा गोल असतो, खाली मोठा. खालच्या गोलाची डावी बाजू खरवडून काढली की उरतो तो नऊ, पण डोकं राहतं आठाचंच. काकांनी मग मला खरवडलेली जागा दाखवली. नाण्याच्या सपाट भागावर सगळीकडे बारीक, आडव्यातिडव्या, वापराच्या रेघा होत्या. आठाच्या त्या तुटलेल्या गोलाच्या जागी मात्र एकाच दिशेच्या घासल्याच्या खुणा, आणि तिथला पृष्ठभाग केसभर खोल. त्यावर काळपट पूट चढवलेलं होतं, ते काडीच्या टोकाला लागून आलं.

तो रुपया १९३८चा होता. खरा, टाकसाळीत पाडलेला, पूर्ण चांदीचा. वजन, आवाज, कड, चुंबक यांपैकी एकाही कसोटीत तो सापडणं शक्यच नव्हतं, कारण त्या सगळ्या कसोट्या धातूच्या आहेत आणि इथे धातूत खोट नव्हतीच. राम-सीतेची चित्रं असलेली १८१८ सालची म्हणून विकली जाणारी ईस्ट इंडिया कंपनीची नाणी पाहिली की आपण लगेच मान फिरवतो, कारण कंपनीने तशी नाणी कधी पाडलीच नाहीत. ‘तुमचं नाणं लाखाला घेतो, आधी फी भरा’ हे फोनही आता बहुतेकांना कळतात. रिझर्व्ह बँकेने २०२१च्या ऑगस्टमध्ये तसा जाहीर इशाराच दिला होता. पण खऱ्या नाण्यातला एक आकडा बदलतो तो माणूस आपल्या छंदातलाच असतो. कोणतं साल कुणाकडे नाही, हे त्याला ठाऊक असतं.

घरी येऊन त्याला फोन लावला. पहिल्यांदा म्हणाला, “मी बघून सांगतो ताई.” त्यानंतर नंबर बंद, ग्रुपमधूनही गायब. १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार केली. पण ती लगेच केली तर पैसे पुढे जाण्याआधी अडवता येतात, माझे जाऊन दीड महिना उलटला होता. पोलीस ठाण्यातल्या हवालदारांनी विचारलं, “वस्तू तर मिळाली ना, ताई?” त्यांना समजावायला मला दोन नाणी आणि भिंग टेबलावर ठेवावं लागलं. त्यांनी नीट पाहिलं आणि अर्ज घेतला. निरोपांचे फोटो, पैसे पाठवल्याची नोंद, कुरिअरची पावती असं सगळं जोडलं आहे. ‘१९३९चा अस्सल रुपया’ असं त्याने लिहून दिलेलं एक वाक्य माझ्याकडे होतं. तोंडी बोलणं असतं तर तेवढाही आधार नव्हता.

आता दुर्मिळ सालाचं नाणं घ्यायचं झालं तर मी आधी सालाचाच फोटो मागते, दोन वेगवेगळ्या बाजूंनी उजेड पाडून. शेजारच्या सालाचं खरं नाणं समोर ठेवून एकेक आकडा ताडते. तज्ज्ञाने नाकारलं तर पंधरा दिवसांत परत घेईन, हे लिहून मागते. जो लिहून देत नाही त्याच्याशी पुढे बोलणं होत नाही. मला काय हवं आहे ते मात्र आता कुणाला सांगत नाही.

तो रुपया विकून टाक, असं एकाने सुचवलं. “घेणाऱ्याला काय कळतंय,” म्हणाला. मी तो जाड कागदी पाकिटात घातला, पाकीट शिवून घेतलं आणि वर पक्क्या शाईने लिहिलं : ‘मूळ साल १९३८. खरवडून १९३९ केलेलं. विकू नये.’ माझ्या मुलालाही ते वाचून दाखवलं आहे. अप्पांची पेन्सिलीची चिठ्ठी पुन्हा रिकाम्या कप्प्यात ठेवली.