थंड इंजिन न ऐकता घेतलेली गाडी

डिसेंबर २०२४ च्या पहिल्या आठवड्यात मी नाशिकमधल्या एका जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याकडून जर्मन बनावटीची एक आलिशान डिझेल सेडान ९ लाख ७५ हजार रुपयांना घेतली. वडिलांना पाठीच्या दुखण्यासाठी दर महिन्याला मुंबईला न्यावे लागते आणि आमच्या छोट्या गाडीत कसारा घाट उतरताना त्यांना फार त्रास होत असे, म्हणून हा विचार डोक्यात आला. २०१४ साली शोरूममधून बाहेर पडताना पन्नास लाखांच्या घरात असलेली गाडी दहा वर्षांनी एखाद्या नव्या मध्यम गाडीच्या भावात मिळते आहे, एवढाच हिशेब मी मांडला होता. गाडीची किंमत उतरली तरी तिच्या सुट्या भागांची किंमत उतरत नाही, हे त्या वेळी मी लक्षात घेतले नाही.

मी गाडी पाहायला सकाळी साडेनऊला पोचलो, तेव्हा ती धुऊन-पुसून दारात उभी होती. बॉनेट उघडताना तळहाताला पत्रा कोमट लागला. मी तसे म्हणालोही, तर विक्रेता म्हणाला, "साहेब, आत्ताच वॉशिंगवरून आणली, म्हणून गरम आहे." उत्तर पटण्यासारखे होते आणि मी ते मान्य केले. पुढे जे काही झाले त्याचे मूळ या कोमट पत्र्यात आहे, म्हणून ते जरा सविस्तर लिहितो.

या इंजिनात टायमिंग चेन, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची हालचाल एका तालात ठेवणारी साखळी, ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर काम करतो. गाडी रात्रभर उभी राहिली की ऑइल खाली उतरते, आणि चेन किंवा तिचे गाइड झिजलेले असतील तर सकाळी पहिल्यांदा इंजिन सुरू करताच दोन-तीन सेकंद पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा खडखडाट ऐकू येतो. दाब तयार झाला की आवाज बंद होतो आणि एकदा गरम झालेल्या इंजिनात तो सहसा पुन्हा येत नाही. स्प्रिंगऐवजी हवेच्या फुग्यांवर गाडी तोलणाऱ्या मागच्या एअर सस्पेन्शनचेही तसेच आहे. रबरी फुग्यांना चिरा पडल्या असतील तर हवा हळूहळू गळते आणि सकाळपर्यंत गाडीची मागची बाजू खाली बसते. इंजिन सुरू केले की कॉम्प्रेसर काही मिनिटांत ती पुन्हा वर उचलतो. म्हणजे ग्राहक येण्याआधी अर्धा तास गाडी चालवून आणली की हे दोन्ही खर्चिक दोष एकदमच झाकले जातात. माझ्या बाबतीत तेच करण्यात आले होते. द्वारका चौकापर्यंत जाऊन परत येण्याच्या चाचणीत मला या दोन्हींचा पत्ता लागला नाही, आणि रस्त्यावर गर्दी असल्याने गिअरबॉक्सवर जोर पडेल असा वेगही घेता आला नाही.

गाडी घरी आल्यानंतर तिसऱ्या दिवशी पहाटे कडाक्याची थंडी होती. मी पार्किंगमध्ये उतरलो तेव्हा मागचे दोन्ही टायर मडगार्डमध्ये इतके शिरले होते की मध्ये बोट जात नव्हते. इंजिन सुरू केले आणि तो खडखडाट ऐकला. त्याच आठवड्यात वडिलांना घेऊन मुंबईला जाताना कसारा घाटात गाडी दुसऱ्या गिअरवरून पहिल्यावर येताना मागून कोणी ढकलावे तसा धक्का देऊ लागली. वडील काही बोलले नाहीत, त्यांनी फक्त पुढच्या सीटची पाठ घट्ट धरून ठेवली.

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत याच जातीच्या गाड्यांचे काम करणारे एक मेकॅनिक आहेत. त्यांनी गाडी रात्रभर स्वतःकडे ठेवली, सकाळी इंजिन सुरू केले आणि लगेच बंद केले. "साहेब, चेन वाजतेय. आता ही चालवू नका, तुटली तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतील आणि पूर्ण इंजिन जाईल," असे ते म्हणाले. या इंजिनात चेन मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे असल्यामुळे ती बदलायला इंजिन बाहेर काढावे लागते. चेन, गाइड, टेन्शनर आणि मजुरी मिळून १ लाख ९२ हजार झाले. मागचे दोन एअर स्प्रिंग, म्हणजे ते रबरी फुगे, आणि गळतीमुळे सतत चालून जळत आलेला कॉम्प्रेसर यांचे १ लाख १८ हजार. गिअरबॉक्सचे ऑइल आयुष्यभर बदलावे लागत नाही, असे विक्रेत्याने ठामपणे सांगितले होते. प्रत्यक्षात असे गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनीच ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला किंवा आठ वर्षांनी ते बदलायला सांगते. ऑइल आणि फिल्टरसह पॅन बदलायला ३८ हजार लागले. धक्का कमी झाला, पण गेला नाही, आणि आता गिअर बदलण्याचे नियंत्रण करणाऱ्या मेकाट्रॉनिक युनिटचा १ लाख ४५ हजारांचा अंदाज माझ्यासमोर आहे. पंक्चर झाल्यावरही काही अंतर चालणारे चार रनफ्लॅट टायर ७८ हजारांचे. म्हणजे आजवर ४ लाख २६ हजार गेले आणि गिअरबॉक्सची मुख्य दुरुस्ती अजून बाकीच आहे.

सर्वांत जास्त वाईट वाटले ते गाडीच्या संगणकीय स्कॅनचा अहवाल हातात आल्यावर. मीटरवर ७१ हजार ४०० किलोमीटर दिसत होते, पण या गाड्यांत किलोमीटरची नोंद एकाच ठिकाणी नसते. दुसऱ्या एका कंट्रोल युनिटमध्ये १ लाख ८३ हजारांची नोंद निघाली. मीटर मागे घेणाऱ्याने ती पुसलेली नव्हती. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा क्षणभर लागून विझायला हवा, तो लागतच नव्हता, कारण त्याची जोडणी काढून टाकलेली होती. दिवा न लागणे म्हणजे बिघाड नाही, अशी माझी समजूत होती. जे वडिलांना मागच्या सीटवर बसवून महामार्गावर जातात, त्यांनी या एका दिव्याकडे नीट पाहावे, असे मी कळकळीने सांगतो.

आरसी बुकही मी नीट वाचले नव्हते. एमएच १५ चा क्रमांक पाहून मी ती नाशिकचीच गाडी धरली. नोंदीत मालक क्रमांक चौथा आहे आणि गाडीची पहिली नोंदणी दिल्लीची आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिलेल्या आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कायम ठेवलेल्या आदेशांमुळे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्या राजधानी क्षेत्रात चालवता येईनाशा झाल्या, तेव्हापासून अशा गाड्या ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन स्वस्तात इतर राज्यांत येऊ लागल्या. त्यात बेकायदेशीर काही नाही. मात्र मला "एकाच डॉक्टरांच्या हातची" म्हणून विकलेली गाडी तशी नव्हती. शिवाय १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याकडे परिवहन खात्याचे अधिकारपत्र असणे बंधनकारक आहे. ते मागायचे असते, हे मला नंतर कळले, आणि मागितले तेव्हा माझ्या विक्रेत्याकडे ते निघाले नाही.

पैसे परत मागितल्यावर त्याने माझी सही असलेला कागद पुढे केला, त्यात बारीक अक्षरात "गाडी आहे त्या स्थितीत स्वीकारली" असे छापलेले होते. मी ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार जिल्हा आयोगाकडे तक्रार दाखल केली आहे. पाच ते दहा लाखांच्या व्यवहाराला शुल्क २०० रुपये आहे, दोन वर्षांची मुदत आहे आणि राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते. स्कॅनचा अहवाल आणि बिले जोडली आहेत, पण वकिलांच्या मते सर्वांत वजनदार कागद वेगळाच आहे. "७१ हजार किलोमीटर, विनाअपघात, एकच मालक" अशी जाहिरात विक्रेत्याने इंटरनेटवर टाकली होती आणि माझी तक्रार कळताच पुसून टाकली. मी ती गाडी पाहायला जाण्याआधी केवळ पत्नीला दाखवण्यासाठी त्या जाहिरातीचा स्क्रीनशॉट काढून ठेवला होता.