डेंग्यूत प्लेटलेट्स चढवाव्यात की थांबावं? आणि चढवायच्याच तर साध्या रक्तदानातून काढलेल्या (आरडीपी) की यंत्राने एकाच दात्याकडून घेतलेल्या (एसडीपी)?

"आज किती आल्या?" गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, डेंग्यूचा रुग्ण दाखल असला की फोंड्याहून, डिचोलीहून येणाऱ्या प्रत्येक फोनवर हाच प्रश्न. आकडा तीस हजारांखाली गेला की प्लेटलेट्स चढवा म्हणून घरचे डॉक्टरांच्या मागे लागतात.

रक्तस्राव होत नसेल तर थांबावं, असं माझं स्पष्ट मत आहे. सिंगापूर-मलेशियातला २०१७ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास हेच सांगतो. वीस हजार किंवा त्याहून कमी प्लेटलेट्स असलेल्या प्रौढांना त्या आधीच चढवून रक्तस्राव टळला नाही. उलट पुरळ, खाज असे त्रास वाढले. चढवलेल्या प्लेटलेट्सही शरीरात फार टिकत नाहीत. आकडा दहा हजारांखाली गेला तर मात्र रक्तस्राव नसतानाही डॉक्टर त्या देण्याचा विचार करतात.

जीवावर बेततं ते बहुधा रक्तवाहिन्यांतून पाझरणाऱ्या द्रवामुळे, आणि तेही ताप उतरताना, घरच्यांना हायसं वाटतं नेमक्या त्याच एक-दोन दिवसांत. म्हणून रिपोर्टातली पीसीव्हीची, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींच्या प्रमाणाची ओळ आधी वाचा; द्रव पाझरला की तो आकडा वाढतो. प्लेटलेट्स घसरताहेत आणि पीसीव्ही चढतोय, तर गरज असते मोजून-मापून दिलेल्या सलाइनची. पोटात सतत दुखणं, थांबत नसलेल्या उलट्या, गळून जाणं किंवा अस्वस्थपणा दिसला तर पुढच्या रिपोर्टाची वाट पाहू नका, लगेच डॉक्टरांना गाठा.

नाकातून, हिरड्यांतून रक्त थांबत नसेल, शौचाला काळी होत असेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा प्लेटलेट्स लागतात. रक्त बरंच गेलं असेल तर रक्तही.

आरडीपी म्हणजे एका रक्तदात्याच्या रक्तातून वेगळी काढलेली, साधारण ५०-७० मिलीची पिशवी. ती रक्तपेढीत तयार असेल तर लगेच मिळते, स्वस्तही पडते. पण प्रौढ माणसाचा आकडा एका पिशवीने पाच-दहा हजारांनीच वाढतो, म्हणून चार-सहा लागतात. एसडीपीत एकाच दात्याकडून यंत्राने तेवढ्या प्लेटलेट्स घेतात, आकडा तीस-पन्नास हजारांनी वाढू शकतो. पण खर्च बराच, यंत्र सगळीकडे नसतं, दात्याच्या तपासण्या आणि तासा-दीड तासाची प्रक्रिया यांत वेळ जातो. रक्तस्राव सुरू असेल तर एसडीपीसाठी अडून बसू नका, हाताशी आहेत त्या आरडीपी घ्या.

वेळ असेल आणि दाता शोधत असाल, तर त्याला आधी विचारा: गेल्या तीन दिवसांत अॅस्पिरिन घेतली का? घेतली असेल तर दुसरा दाता बघा.