तयार निबंधांचं गाइड इंग्रजी साहित्याच्या पेपरला कितपत उपयोगी?

कथानकाचा सारांश आणि पात्रांची ओळख या गाइडमध्ये नेटकी आहे, उजळणीला पुरते. खरी अडचण नमुना उत्तरांची. प्रश्नात ‘कितपत’ विचारलेलं असतं आणि उत्तर मात्र गोष्ट सांगत सुटतं. गुण मिळतात ते युक्तिवादाला.

शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’ नाटकाचंच बघा. अपराधभावावरच्या उत्तरात मॅकबेथच्या बायकोचा, लेडी मॅकबेथचा, हात धुण्याचा फक्त पाचव्या अंकातला प्रसंग आहे. दुसऱ्या अंकात, राजाच्या खुनानंतर, हीच लेडी मॅकबेथ थोड्याशा पाण्याने सगळं धुऊन निघेल म्हणते, त्याचा पत्ताच नाही! दोन्ही प्रसंग शेजारी ठेवले की मुद्दा उभा राहतो. शिवाय अवतरणं चार-चार ओळींची. पाच-सहा शब्द पुरतात, मात्र त्यातल्या एखाद्या शब्दावर दोन वाक्यं तरी लिहायला हवीत.

प्रश्न जरा वळला की पाठ केलेला परिच्छेद उघडा पडतो, म्हणून ही उत्तरं घोकू नका.

नियोजनाचं पान मात्र मनापासून आवडलं: 45 मिनिटांतली पहिली 5 ते 7 आराखड्याला, शेवटची 3 फेरवाचनाला. आराखड्यात आधी प्रश्नाचं एका वाक्यातलं उत्तर, मग तीन मुद्दे, प्रत्येकापुढे प्रसंग. विरोधी मताला जागा तिथेच ठरवायची.