ड्रायव्हर स्टोअर एक्सप्लोरर: काही महिन्यांच्या वापरानंतर

ड्रायव्हर स्टोअर एक्सप्लोरर हे विंडोजमध्ये साठलेले जुने ड्रायव्हर, म्हणजे पीसीला जोडलेली यंत्रं चालवणारी सॉफ्टवेअर्स, काढायचं अ‍ॅप आहे. आधीच स्पष्ट सांगते, जुने ड्रायव्हर काढले म्हणून पीसी पळायला लागत नाही. ज्याचं यंत्र जोडलेलंच नाही तो ड्रायव्हर सहसा मेमरीत चढत नाही, डिस्कवर पडून असतो. ‘एका क्लिकमध्ये पीसी सुसाट’ म्हणणाऱ्या विकतच्या क्लीनरवर म्हणूनच कुणी पैसे घालू नयेत.

मला हे काम करावं लागलं ते मेमरी इंटिग्रिटीमुळे. विंडोज सिक्युरिटीत कोअर आयसोलेशनखाली हा स्विच असतो. कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात, चढणारा कोड तो आधी तपासून घेतो. सदोष जुन्या ड्रायव्हरचा आधार घेऊन सिस्टमवर ताबा मिळवायचे प्रकार होतात, त्यामुळे तो मला चालू हवाच होता. पण होईना. अडवणाऱ्या ड्रायव्हरांची यादी विंडोज तिथेच दाखवतं, तीत एकच नाव दिसलं, एका जुन्या एक्स्टर्नल हार्ड डिस्कच्या ड्रायव्हरचं. ती डिस्क घरातून कधीच गेली होती, तिचं सॉफ्टवेअरही कंट्रोल पॅनेलमधून काढलेलं होतं.

गोम अशी की विंडोज प्रत्येक ड्रायव्हर पॅकेजची एक प्रत सिस्टम ३२ मधल्या ड्रायव्हरस्टोअर फोल्डरात ठेवतं. प्रोग्राम अनइन्स्टॉल केला तरी ही प्रत बऱ्याचदा तशीच राहते. डिव्हाइस मॅनेजरच्या व्ह्यू मेनूत ‘शो हिडन डिव्हाइसेस’ केलं की एकेकाळी जोडलेल्या वस्तू फिकट आयकॉनने दिसतात. तिथून अनइन्स्टॉल करताना ड्रायव्हरही काढण्याच्या चौकटीत टिक केली नाही तर फक्त नोंद जाते, पॅकेज राहतं. आणि ते फोल्डर एक्सप्लोररमधून हाताने अजिबात डिलीट करू नका, विंडोजच्या नोंदी बिघडतात.

ड्रायव्हर स्टोअर एक्सप्लोरर हे नेमकं याच साठ्यासाठी आहे. फुकट, ओपन सोर्स. अ‍ॅडमिन म्हणून उघडलं की बाहेरून आलेली सगळी पॅकेजेस दिसतात: कंपनी, आवृत्ती, तारीख, आकार आणि कोणत्या डिव्हाइसशी जोडलेलं आहे ते. आकाराच्या रकान्यावर क्लिक करून बघा, ग्राफिक्सचे ड्रायव्हर वर येतील. एकेक पॅकेज एक जीबीच्या पुढे, आणि एकाच्याच जुन्या आवृत्त्या ओळीने बसलेल्या. ‘सिलेक्ट ओल्ड ड्रायव्हर्स’ या बटणाने त्या आपोआप निवडल्या जातात. तरी निवडलेली यादी मी दरवेळी डोळ्यांखालून घालते. जुनी आवृत्ती गेली की ‘रोल बॅक ड्रायव्हर’चा, म्हणजे आधीच्या ड्रायव्हरवर परतायचा, मार्गही बंद होतो, म्हणून ग्राफिक्सची आधीची एक आवृत्ती मी ठेवतेच.

हार्ड डिस्कचा तो ड्रायव्हर इथून काढला, रीस्टार्ट केलं आणि मेमरी इंटिग्रिटी चालू झाली. तेव्हापासून ती चालूच आहे, कुठलं यंत्र अडलेलं नाही.

प्रिंटरच्या बाबतीत मात्र हे अ‍ॅप तोकडं पडतं. ड्रायव्हर वापरात असल्याचा एरर येतो, कारण तो प्रिंट स्पूलरच्या, म्हणजे छपाईची कामं सांभाळणाऱ्या विंडोजच्या सेवेच्या, ताब्यात असतो. त्यासाठी प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीजमधल्या ड्रायव्हर्स टॅबवर जाऊन ‘रिमूव्ह ड्रायव्हर अँड ड्रायव्हर पॅकेज’ निवडायचं. ग्राफिक्स कार्डची कंपनीच बदलत असाल तर डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर हे वेगळं टूल वापरा, तेही सेफ मोडमध्ये आणि इंटरनेट तोडून. नाहीतर विंडोज अपडेट मध्येच स्वतःचा ड्रायव्हर आणून बसवतं.

अ‍ॅपमधल्या ‘फोर्स डिलीशन’ला, म्हणजे जबरदस्तीने काढण्याच्या पर्यायाला, मी सहसा हात लावत नाही. विंडोज नकार देतं तेव्हा बहुतेक वेळा ते पॅकेज खरंच कुठेतरी वापरात असतं. सफाईआधी रिस्टोअर पॉइंट करा, म्हणजे बिघडलं तर सिस्टम मागच्या स्थितीत नेता येते, आणि लॅन व वाय-फायचे ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर काढून ठेवा. नेटचाच ड्रायव्हर गेला तर दुसरा उतरवायला नेट नसतं.